जुन्या औतफाट्याची किंमत करताना या चुका टाळा

"काका, दीडशे वर्षांचा किर्लोस्कर नांगर आहे, किती येतील?" असा फोन महिन्यातून एकदा तरी येतोच. अरे, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पहिला लोखंडी नांगर केला १९०३ साली, बेळगावात. किर्लोस्करवाडी वसली १९१० मध्ये. मग दीडशे वर्षं आणली कुठून? आजोबांचा म्हटला की लोक त्यात आजोबांचं वयही मिळवतात.

पण याहून वाईट खोड म्हणजे घासणं. तासगावकडच्या एका पोरानं मोबाइलवर फोटो पाठवला. ओतीव भागावर उठावाची अक्षरं अंधुक दिसत होती. "हात लावू नकोस, रविवारी येतो," म्हणालो. गेलो तर अंगणभर ऑइलपेंटचा वास आणि नांगर काळाकुळकुळीत. ग्राइंडर मारून अक्षरं सपाट केलेली. चौकोनी माथ्याचे जुने बोल्ट काढून चकचकीत षटकोनी बसवलेले.

"जुने बोल्ट कुठायत?"

"भंगारात दिले की."

हाही तिकडंच द्यायचा होतास, असं ओठावर आलं होतं. चहा पिऊन परतलो. मी स्वतः सुक्या फडक्याच्या पुढं जात नाही. अक्षरं लागत नसतील तर खडूची पूड चोळायची, बॅटरी तिरपी धरायची.

दुसरं, झीज वाचायला शिका. नवं जू काळं करून 'अँटिक' म्हणून विकणारे भरपूर आहेत. त्यांचा काळेपणा सगळीकडं सारखा. खरं जू बैलाच्या मानेवर टेकतं तिथंच गुळगुळीत असतं, बाकी खरबरीत. रुमण्याची, म्हणजे नांगराच्या उभ्या दांड्याची, मूठ घामानं तुकतुकीत. तिफणीच्या, म्हणजे पेरणीच्या अवजाराच्या, चाड्यात (बी सोडायच्या वाटीत) बोट घाला, भोकांच्या कडा झिजून गोल झालेल्या लागतील. मी डोळे मिटून हात फिरवतो; लोक हसतात, हसू देत.

बैलगाडीची दोन चाकं एकाच गाडीची आहेत असं धरून चालू नका. चाकाचे आरे (आडवे-उभे दांडे) मोजा, सुतळीनं घेर मोजा. लाकडाखाली ताजा भुसा पडत असेल तर आत कीड आहे, उंबऱ्याच्या आत घेऊ नका. ऑनलाइन लोक जो भाव सांगतात तो मागण्याचा असतो, विकल्याचा नव्हे. ढाब्याच्या दारात ठेवायला रंगवलेला नांगर चालतो, संग्राहक तो घेत नाही. शंभरी ओलांडलेली वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरू शकते; अमेरिकेतल्या भाच्याला पाठवण्याआधी चौकशी करा.

आणि फोटो पाठवताना धुऊन-पुसून पाठवू नका. गोठ्यात पडलाय तसाच, मातीसकट. खंडेनवमीच्या हळदीकुंकवाचे थर बसले असतील तर तेही राहू द्या.