तुलनात्मक लाभाचा तक्ता कसा वाचावा आणि कसा सोडवावा

दोन देश, दोन वस्तू आणि चार आकडे असलेला लहानसा तक्ता समोर येतो आणि कोणत्या देशाने कोणती वस्तू निर्यात करावी, असा प्रश्न विचारला जातो. अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात हा तक्ता ठरलेलाच असतो, आणि तो चुकीचा वाचण्याची रीतही जवळजवळ ठरलेली असते: वाचणारा चारांपैकी सर्वांत ठळक आकडा हेरतो आणि तेथूनच निष्कर्ष काढून मोकळा होतो. अशाने निरपेक्ष लाभ (एखादी वस्तू दुसऱ्या देशापेक्षा कमी श्रमांत करता येणे) कोणाचा हे कधीकधी बरोबर सापडते, तुलनात्मक लाभ (ती वस्तू करताना दुसऱ्या देशापेक्षा इतर वस्तू कमी सोडाव्या लागणे) मात्र सापडलाच तर योगायोगाने. पुढे दिलेल्या पद्धतीचा सारा भर एकाच गोष्टीवर आहे: एका देशाचा आकडा दुसऱ्या देशाच्या आकड्याशेजारी ठेवण्याआधी प्रत्येक देशाचे दोन आकडे त्या देशातल्या देशातच एकमेकांनी भागून घ्यावेत.

आकडे कशाचे आहेत?

तक्ता हाती आल्यावर भागाकाराला हात घालण्यापूर्वी त्याचा मथळा वाचावा. आकडे दोन प्रकारचे असू शकतात. काही तक्त्यांत ठरावीक श्रमांत किती उत्पादन निघते ते दिलेले असते. तेथे मोठा आकडा म्हणजे अधिक कार्यक्षमता. काही तक्त्यांत एक नग तयार करण्यास किती श्रम लागतात ते दिलेले असते. तेथे लहान आकडा म्हणजे अधिक कार्यक्षमता. फरक क्षुल्लक वाटतो, पण त्याकडे दुर्लक्ष केल्यास उत्तर थोडेसे चुकत नाही, ते पूर्णपणे उलटते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका कामगाराच्या महिन्याभराच्या श्रमांत ‘अ’ देशात १० पोती गहू किंवा ५ तागे कापड तयार होते आणि ‘ब’ देशात ४ पोती गहू किंवा ३ तागे कापड तयार होते. हा उत्पादनाचा तक्ता आहे. १० हा आकडा ४ पेक्षा मोठा आहे आणि ५ हा ३ पेक्षा मोठा आहे, म्हणून गहू आणि कापड या दोन्ही वस्तूंत ‘अ’ देशाला निरपेक्ष लाभ आहे. निरपेक्ष लाभाचे काम येथेच संपते. त्यासाठी एका वस्तूचे दोन देशांतील आकडे समोरासमोर ठेवणे पुरेसे असते.

निरपेक्ष लाभाची ही कल्पना अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथ याने १७७६ च्या आपल्या ग्रंथात मांडली. शिंपी स्वतःचे जोडे स्वतः शिवत बसत नाही, तो ते चांभाराकडून विकत घेतो. जे शहाणपण घराच्या कारभारात दिसते ते राष्ट्राच्या कारभारात मूर्खपणा ठरू शकत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. काचगृहे उभारली तर स्कॉटलंडमध्येही उत्तम द्राक्षे पिकवता येतील आणि त्यांची चांगली वाइनही करता येईल, पण ती बाहेरून आणलेल्या तितक्याच चांगल्या वाइनच्या सुमारे तीसपट खर्चात पडेल, हे त्याचेच उदाहरण. या मांडणीला आक्षेप घेण्यासारखे काही नाही. प्रश्न एवढाच उरतो, की ज्या देशाचा हात कोणत्याच वस्तूत वरचढ नाही त्याने काय विकावे? आपल्या तक्त्यातला ‘ब’ देश नेमका असाच आहे.

देशातल्या देशात भागाकार

आता प्रत्येक देशाला स्वतंत्रपणे विचारावे: एक तागा कापड हवे असेल तर किती गव्हावर पाणी सोडावे लागेल? ‘अ’ देशात ५ ताग्यांसाठी १० पोती सोडावी लागतात, म्हणजे एका ताग्याला २ पोती. ‘ब’ देशात ३ ताग्यांसाठी ४ पोती, म्हणजे एका ताग्याला सुमारे १.३३ पोती. एका वस्तूसाठी सोडून दिलेल्या दुसऱ्या वस्तूचे हे प्रमाण म्हणजे संधी खर्च. आता हे दोन भागाकार मात्र एकमेकांशी खुशाल ताडून पाहावेत: कापडाचा संधी खर्च ‘ब’ देशात कमी आहे, म्हणून कापडात तुलनात्मक लाभ ‘ब’ देशाचा.

गव्हासाठी तोच भागाकार उलटा करावा. एका पोत्यासाठी ‘अ’ देशाला ०.५ तागा सोडावा लागतो, ‘ब’ देशाला ०.७५. गव्हात तुलनात्मक लाभ ‘अ’ देशाचा. खरे तर हे दुसरे गणित करण्याची गरज नसते, कारण दोन वस्तूंच्या तक्त्यात एकीचा संधी खर्च ज्याचा कमी, दुसरीचा त्याचा जास्त असणारच. म्हणूनच एखाद्या देशाला दोन्ही वस्तूंत तुलनात्मक लाभ आहे असे उत्तर निघाले, तर कोठे चुकले ते शोधण्याऐवजी सगळा भागाकार नव्याने करावा.

आता हेच चार आकडे उत्पादनाचे नसून एका नगाला लागणाऱ्या श्रमदिवसांचे आहेत असे समजू. ‘अ’ देशात एका पोत्याला १० दिवस आणि एका ताग्याला ५ दिवस लागतात. म्हणजे एक तागा विणताना फक्त अर्धे पोते गहू सोडावा लागतो. ‘ब’ देशात ताग्याला ३ आणि पोत्याला ४ दिवस, म्हणजे एका ताग्याला ०.७५ पोते. आता कापडात तुलनात्मक लाभ ‘अ’ देशाचा झाला, आणि निरपेक्ष लाभ दोन्ही वस्तूंत ‘ब’ देशाकडे गेला. आकडे तेच, मथळा वेगळा, आणि उत्तरातला प्रत्येक शब्द उलटा. गोंधळ टाळण्याचा सोपा उपाय असा, की आधी सगळे आकडे श्रमांत बदलून घ्यावेत आणि मग नेहमी एकच प्रश्न विचारावा: या एका नगाच्या श्रमांत दुसऱ्या वस्तूचे किती नग झाले असते?

एक तिसरी शक्यताही पाहून ठेवावी. पहिल्या तक्त्यात ‘ब’ देशाचे आकडे ४ पोती आणि २ तागे असते, तर दोन्ही देशांत एका ताग्याची किंमत २ पोतीच झाली असती. ‘अ’ देश दोन्ही वस्तूंत अडीचपट कार्यक्षम आहे, तरीही या तक्त्यात व्यापाराला काहीच आधार नाही. निरपेक्ष लाभ कितीही मोठा असला तरी व्यापार त्याने ठरत नाही, हे या एका उदाहरणातून जितके स्वच्छ दिसते तितके लांबलचक स्पष्टीकरणातून दिसत नाही.

रिकार्डोचे चार आकडे

इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो याने १८१७ मध्ये दिलेले उदाहरण प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते, पण ते घाईने उरकले जाते. ठरावीक कापड तयार करण्यास इंग्लंडमध्ये वर्षभर १०० माणसे लागतात आणि ठरावीक वाइनला १२०. पोर्तुगालमध्ये तेवढ्याच कापडाला ९० आणि तेवढ्याच वाइनला ८०. आकडे काल्पनिक आहेत, आणि त्यांत आपल्याच देशाला दोन्ही वस्तूंत मागे दाखवण्याचा मोकळेपणा रिकार्डोने ठेवला आहे. (परकीय धान्याच्या व्यापारासंबंधी असाच विचार रॉबर्ट टॉरेन्स याने १८१५ मध्ये मांडला होता, श्रेय कोणाला किती, हा वाद जुना आहे.)

हा श्रमांचा तक्ता आहे, म्हणून भागाकार त्यानुसार करावा. वाइनच्या एका नगाची कापडातली किंमत पोर्तुगालमध्ये ८० भागिले ९०, म्हणजे सुमारे ०.८९ नग, आणि इंग्लंडमध्ये १२० भागिले १००, म्हणजे १.२ नग. वाइन पोर्तुगालने करावी, कापड इंग्लंडने. व्यापार नसताना दोन्ही देशांनी दोन्ही वस्तूंचा एकेक नग केला, तर पोर्तुगालचे १७० आणि इंग्लंडचे २२० श्रम खर्ची पडतात. विशेषीकरण केल्यास, म्हणजे प्रत्येकाने एकच वस्तू केल्यास, पोर्तुगाल वाइनचे दोन नग १६० श्रमांत करतो, इंग्लंड कापडाचे दोन नग २०० श्रमांत. वस्तू तेवढ्याच मिळतात; पोर्तुगालचे १० आणि इंग्लंडचे २० श्रम वाचतात.

विनिमय दर कोठे ठरतो

पोर्तुगालला १० आणि इंग्लंडला २० हा हिशेब एका नगाला एक नग असा विनिमय धरून केलेला आहे. तो दर वेगळा असता तर वाटणीही वेगळी झाली असती. व्यापार शर्तींच्या, म्हणजे या विनिमय दराच्या, मर्यादा शोधण्यासाठी नवे काही करावे लागत नाही. दोन देशांचे संधी खर्च हीच त्या दराची खालची आणि वरची हद्द. वाइनच्या एका नगाला ०.८९ पेक्षा कमी कापड मिळत असेल तर पोर्तुगाल ते कापड घरीच करील, १.२ पेक्षा जास्त कापड द्यावे लागत असेल तर इंग्लंड वाइन घरीच करील. दर या दोन टोकांच्या मध्येच असायला हवा. ज्याच्या देशांतर्गत दराच्या जवळ तो सरकेल, त्याच्या वाट्याला लाभ कमी येईल. मध्ये नेमका कोठे, हे रिकार्डोच्या आकड्यांवरून सांगता येत नाही. त्यासाठी दोन्ही देशांना एकमेकांच्या वस्तूंची किती निकड आहे हे कळावे लागते, आणि हा परस्पर मागणीचा भाग पुढे जॉन स्टुअर्ट मिल याने भरून काढला. परीक्षेतील प्रश्नात मागणीविषयी काहीच दिलेले नसताना ‘एकच बरोबर दर’ शोधत बसू नये. मर्यादा लिहाव्यात आणि थांबावे.

वाहतूक खर्च दिला असल्यास तो या दोन हद्दींमधल्या फटीतूनच वजा होतो. फट जितकी अरुंद, तितक्या थोड्या वाहतूक खर्चाने व्यापार बंद पडतो.

मजुरीची शंका

‘कार्यक्षम देश प्रत्येक वस्तू कमी श्रमांत करतो, मग त्याची प्रत्येक वस्तू स्वस्त कशी नसते?’ ही शंका रास्त आहे, आणि तिला बगल देणारे स्पष्टीकरण अपुरे समजावे. बाजारातला ग्राहक संधी खर्च पाहत नाही, तो किंमत पाहतो. आणि या साध्या प्रतिमानात किंमत म्हणजे श्रम गुणिले मजुरी. इंग्लंडचे कापड पोर्तुगालच्या कापडापेक्षा स्वस्त व्हायचे असेल तर इंग्लंडची मजुरी पोर्तुगालच्या मजुरीच्या ०.९ पटीपेक्षा कमी हवी, कारण तेथे ९० च्या जागी १०० माणसे लागतात. पोर्तुगालची वाइन इंग्लंडच्या वाइनपेक्षा स्वस्त राहायची असेल तर इंग्लंडची मजुरी पोर्तुगालच्या सुमारे ०.६७ पटीपेक्षा जास्त हवी, कारण ८० भागिले १२० म्हणजे तेवढेच. सापेक्ष मजुरी (इंग्लंडची मजुरी भागिले पोर्तुगालची) ०.६७ आणि ०.९ यांच्या मध्ये असली की दोन्ही देश एकेक वस्तू विकू शकतात. एकास एक विनिमयाला ती नेमकी ०.८ येते, कारण इंग्लंडच्या १०० माणसांच्या कामाची किंमत पोर्तुगालच्या ८० माणसांच्या कामाएवढी होते.

यातून दोन नेहमीच्या तक्रारी एकाच वेळी तपासता येतात. कमी मजुरीच्या देशाशी स्पर्धा करणे अशक्य आहे, असे कार्यक्षम देशात म्हटले जाते. जास्त कार्यक्षम देशाशी स्पर्धा करणे अशक्य आहे, असे मागे पडलेल्या देशात म्हटले जाते. दोघेही तक्त्याचा अर्धाच भाग वाचत असतात. मागे असलेल्या देशाची मजुरी कमी असते ती त्याच्या कमी उत्पादकतेमुळेच, आणि त्या कमी मजुरीमुळेच त्याची निदान एक वस्तू विकली जाते. तुलनात्मक लाभ त्याला पुढच्या देशाएवढी मजुरी मिळवून देत नाही. व्यापार न करता जेवढे मिळाले असते त्यापेक्षा अधिक मिळवून देतो.

वस्तू दोनांपेक्षा अधिक असल्यास प्रत्येक वस्तूसाठी दोन देशांच्या श्रमांचे गुणोत्तर काढून सर्व वस्तू एका रांगेत लावाव्यात. सापेक्ष मजुरी त्या रांगेला जेथे छेदते तेथून अलीकडच्या वस्तू एका देशाच्या, पलीकडच्या दुसऱ्याच्या.

तक्ता कशाविषयी बोलत नाही

उत्तराच्या शेवटी गृहीतके लिहिण्याची प्रथा आहे आणि ती बहुधा पाठ करून उतरवली जातात. त्यांतली दोन मात्र समजून घ्यावीत. पहिले: श्रम देशांतर्गत एका उद्योगातून दुसऱ्यात विनासायास जातात असे येथे धरले आहे. प्रत्यक्षात विणकराचा शेतकरी एका हंगामात होत नाही, आणि देशाला एकूण लाभ झाला म्हणून बंद पडलेल्या उद्योगातील कामगाराचे नुकसान आपोआप भरून निघत नाही. हा लाभ देशाच्या बेरजेत असतो. वाटणी कशी होते याविषयी तक्ता मूक आहे. दुसरे: श्रम आणि भांडवल सीमा ओलांडत नाहीत. हे गृहीतक किती निर्णायक आहे हे रिकार्डोला पक्के ठाऊक होते. भांडवल सहज हलत असते तर इंग्लंडचे भांडवलदार आणि दोन्ही देशांचे ग्राहक यांच्या दृष्टीने कापड व वाइन दोन्ही पोर्तुगालमध्येच होणे हिताचे ठरले असते, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

प्रत्यक्ष आकडेवारीत शोधताना

खऱ्या देशांसाठी असा तक्ता कोणी हाती देत नाही, कारण व्यापार सुरू असताना ‘व्यापार नसता तर’ची किंमत दिसत नाही. म्हणून अर्थशास्त्रज्ञ बेला बलासा याने १९६५ मध्ये उलट्या बाजूने जाणारा निर्देशांक सुचवला: देशाच्या एकूण निर्यातीत एखाद्या वस्तूचा जो हिस्सा आहे, त्याला जगाच्या एकूण निर्यातीतील त्या वस्तूच्या हिश्श्याने भागावे. एखाद्या देशाच्या निर्यातीत यंत्रांचा हिस्सा १२ टक्के आणि जगाच्या निर्यातीत ४ टक्के असेल, तर निर्देशांक ३ येतो. १ पेक्षा मोठा आकडा म्हणजे त्या वस्तूत तुलनात्मक लाभ ‘प्रकट’ झालेला आहे असे मानतात. हा आकडा वापरताना एवढे तपासावे, की त्या वस्तूला निर्यात अनुदान मिळते का आणि खरेदीदार देशांनी तिच्यावर किंवा तिच्या स्पर्धक वस्तूंवर जबर आयात शुल्क लावले आहे का. तसे असेल तर निर्देशांकात दिसणारा लाभ खर्चातून आलेला आहे की धोरणातून, हे वेगळे करून दाखवणे भाग आहे.