संमेलनात बाड नको, एक पान न्या

साहित्य संमेलनात प्रकाशकाच्या हाती कादंबरीचं अख्खं बाड दिलं, तर गर्दीत ते उघडलंही जात नाही. सोलापूरहून निघताना मी आता फक्त ए-फोर कागदाच्या दहा प्रती नेतो.

१. वर नाव, मोबाईल, शब्दसंख्या. खाली पाच ओळींत कथासूत्र आणि पहिला परिच्छेद. तो परिच्छेद मात्र दहादा घासून घ्या, नजर तिथेच थांबते.
२. पुस्तकांच्या गाळ्यावर सकाळी उघडताच जा. दुपारी विक्रीची झुंबड असते.
३. प्रकाशक जे बोलले ते लगेच आपल्या प्रतीमागे टिपा.

पुस्तक काढायला कुणी पैसे मागितले, तर लेखी करार वाचल्याशिवाय रुपयाही देऊ नका.