पहिली ते चौथीच्या मुलांच्या भावना समजून घेताना: नव्या शिक्षकांसाठी अनुभवाचे चार शब्द

डी.एल.एड. ही शिक्षक पदविका पूर्ण करून आणि टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन प्राथमिक शाळेत रुजू होणाऱ्या शिक्षकाची पाठनियोजन, अध्ययन निष्पत्ती (मुलांना शेवटी काय यायला हवे याची यादी) आणि नोंदवह्या यांची तयारी बऱ्यापैकी झालेली असते. परंतु रुसून बसलेल्या किंवा एकाएकी अबोल झालेल्या मुलासमोर काय करावे, हे त्याला वर्गात गेल्यावरच शिकावे लागते. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची जी मांडणी केली, तिचा गाभा असा की स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखाव्यात, त्यांतला फरक जाणावा आणि त्या जाणिवेचा विचार व कृती यांसाठी उपयोग करावा. यातील पहिली पायरी, म्हणजे ओळखणे, हीच लहान मुलांच्या बाबतीत सर्वांत अवघड असते, असे माझे मत आहे.

पहिली-दुसरीतले मूल ‘मला धास्ती वाटते’ असे सहसा म्हणत नाही, ते ‘पोटात दुखतंय’ म्हणते. अशा वेळी मूल उपाशी आहे का, ताप आहे का, हे आधी पाहावे; पण हीच तक्रार रोज गणिताच्या तासालाच येत असेल, तर ‘उत्तर चुकेल अशी भीती वाटते का?’ असे हळूच, इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारावे. हिरमुसणे, हेवा वाटणे, लाज वाटणे, एकटे वाटणे हे शब्द परिपाठातील गोष्टीच्या निमित्ताने मुलांच्या कानांवर पडत राहिले, तर काही महिन्यांत मुले ते स्वतःहून वापरू लागतात.

मधल्या सुट्टीतील भांडण वर्गात आले की ‘सुरुवात कोणी केली?’ हा प्रश्न आपल्या ओठांवर येतो आणि दोन्ही मुले आपापली बाजू लढवू लागतात. त्याऐवजी दोघांना पाणी पिऊ द्यावे, राग ओसरू द्यावा, मग एकाने काय वाटले ते सांगावे आणि दुसऱ्याने ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगावे. माफी मागायला लावण्याची घाई करू नये, कारण सक्तीची माफी मुलाला केवळ सुटका करून घ्यायला शिकवते.

बीडसारख्या जिल्ह्यांत दिवाळीच्या सुमारास आईवडील ऊसतोडीला जातात आणि काही मुले आजीआजोबांकडे राहून हंगामी वसतिगृहाच्या (पालक बाहेरगावी असतानाच्या जेवणाच्या व देखरेखीच्या सोयीच्या) आधाराने शाळा करतात. ही मुले त्या काळात बहुधा शांत होतात, आणि वर्गातील शांतता आपल्याला सोयीची असल्यामुळे ती आपल्या नजरेतून निसटते. ‘आई कधी येणार?’ असे सर्वांसमोर विचारू नये. फळा पुसण्याचे, पुस्तके वाटण्याचे रोजचे ठरलेले काम त्यांना द्यावे, म्हणजे दिवसात एकदा तरी आपला त्यांच्याशी निवांत संवाद होतो.

वर्णनात्मक नोंदींमध्ये ‘शांत व आज्ञाधारक’ असे लिहिण्याचा मोह टाळावा. ‘खेळात हरल्यावर रडला, पण थोड्या वेळाने स्वतःहून परत खेळायला आला’ ही नोंद पुढच्या वर्गशिक्षकाला खरोखर उपयोगी पडते.

‘यात वेळ गेला तर अभ्यासक्रम कसा पूर्ण होणार?’ असे सहकारी विचारतील. मानसशास्त्रज्ञ जोसेफ ड्युरलॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये २१३ शालेय उपक्रमांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा सामाजिक व भावनिक शिक्षण मिळालेल्या मुलांची अभ्यासातील कामगिरीही इतरांपेक्षा सरासरी ११ शतमकांनी (म्हणजे शंभर मुलांच्या क्रमवारीत सुमारे ११ स्थानांनी) वरचढ आढळली. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळही निषिद्ध आहे, त्यामुळे सर्वांसमोर अपमान करून शिस्त लावण्याचा मार्ग मुळातच बंद आहे.

शेवटी आपल्या मर्यादेविषयी. मूल कित्येक आठवडे खेळातून व बोलण्यातून पूर्ण बाहेर गेले असेल, तर मुख्याध्यापक आणि पालक यांच्याशी लवकर बोलावे. अंगावर माराच्या खुणा दिसल्या किंवा घरातूनच धोका असल्याचा संशय आला, तर त्याच त्या प्रश्नांनी मुलाची उलटतपासणी न करता ते जेवढे सांगेल तेवढे त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे आणि मुख्याध्यापकांना कळवून १०९८ या बालमदत क्रमांकाची मदत घ्यावी.