कोंडले, डांबले की जेरबंद केले? नेमका शब्द कसा निवडावा

'बंद केले' हे सगळीकडे चालते, म्हणूनच बातमीत ते टाळावे. आधी पाहावे, अडवले कशाने: दोराने, भिंतीने की माणसांनी?

दोर असेल तर त्याची जागा पाहा. एका जनावराचे ते दावे. ओळीने अनेक जनावरे बांधतात ती दावण. वेसण नाकात. मुसके बैलाच्या तोंडाला, डवरणीच्या, म्हणजे उभ्या पिकातले तण काढण्याच्या, वेळी त्याने पीक खाऊ नये म्हणून. मुसक्या मात्र माणसाच्या: हात पाठीमागे बांधणे. त्यामुळे 'महागाईच्या मुसक्या आवळल्या' खटकते. महागाईला वेसण घालावी. वेसण घातलेला बैल चालतच राहतो, फक्त ताब्यात येतो.

जेरबंद हा मुळात फारसी शब्द. घोड्याने मान वर उडवू नये म्हणून तोंडाकडून पोटाखालच्या तंगापर्यंत नेलेला पट्टा. बिबट्यासाठी तो आता रूढ आहे, चूक नाही. पण पिंजरा लावून पकडला की भूल देऊन, हे त्यात हरवते आणि पेंच व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावकऱ्याला तेच हवे असते. ते लिहाच.

कोंडणे साधे: धूर, श्वास, शेळ्या, सगळे कोंडते. डांबण्यात जबरदस्ती आहे. आरोप करायचा असेल तरच वापरा. पिल्ले टोपलीखाली झाकायची तर डालणे. स्थानबद्धता ही गुन्हा रोखण्यासाठीची आगाऊ कारवाई. गुन्ह्यात अटक झालेल्याला 'स्थानबद्ध' म्हटले की बातमीच चुकते.

मोकाट गुरांचा तो कोंडवाडा. नागपुरात त्याला कांजी हाऊसही म्हणतात, त्या नावाचा चौकच आहे. 1956 पर्यंत हिंदी-मराठी राज्याची राजधानी राहिलेल्या शहरात हा हिंदीतला शब्द टिकला, तो बदलू नका. आखर मात्र वेगळे. सकाळी गावची ढोरे जिथे जमतात आणि जिथून गायकी त्यांना रानात नेतो, ती मोकळी जागा. तिथे कुंपण नाही, दंडही नाही, म्हणून आखराचा 'कोंडवाडा' करू नये. तसेच शेतकरी 'कोठा' म्हणाला, तर अवतरणात 'गोठा' करू नका.

गोळा करण्यातही फरक आहे. कापूस झाडावरून वेचतात. 'गोळा केला' म्हणजे तो आधीच वेचून झाला होता. सावडणे म्हटले की अनेकांना अस्थी आठवतात, जपून.

हाकणे आणि हाकलणे एक नव्हे. बंडी, म्हणजे बैलगाडी, हाकतात, पिकात शिरलेले ढोर हाकलतात. जमाव पांगवतात.