रिओखा सोडून स्पेन: बिएर्थो आणि रिबेरा साक्राला जायच्या आधी

स्पेनमध्ये वाइनसाठी जायचं म्हटलं की सगळे रिओखाला पळतात, त्यात वाईट काही नाही, पण खेडी बघायची असतील, डोंगरउतारावरचे द्राक्षमळे बघायचे असतील आणि टूर बसची गर्दी नको असेल तर वायव्य कोपऱ्यातलं बिएर्थो आणि त्याला लागून गालिसियातलं रिबेरा साक्रा हे दोन भाग धरा. दोन्हीकडे मुख्य लाल द्राक्ष एकच, मेन्थिया, आणि पांढऱ्यात गोदेयो. फक्त एक लक्षात ठेवा, इथे आयत्या वेळी काहीही जमत नाही, म्हणून ही यादी जरा लांबलीय.

आधी तारखा. आपल्या नाशिकला द्राक्षतोडणी जानेवारी ते मार्चमध्ये चालते, तिकडे सप्टेंबर आणि ऑक्टोबरची सुरुवात. तोडणीच्या दिवसांत मळे बघायला सगळ्यात भारी पण वाइनरीवाल्यांना तुमच्याशी बोलायला वेळ नसतो, त्यामुळे ज्यांना निवांत गप्पा मारायच्यात त्यांनी मे-जून पकडावा, मला विचाराल तर तोच बरा. ऑगस्ट नकोच, ऊन, स्पॅनिश लोकांची स्वतःची सुट्टी आणि वणव्यांची भीती, तिन्ही एकदम. 2025 च्या ऑगस्टमधले वणवे याच पट्ट्यात लागले होते, जुन्या रोमन सोन्याच्या खाणींची जागा लास मेदुलासही त्यात होरपळली. 12 ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असते, ती वीकेंडला जोडून आली तर खोल्या आधीच भरतात, तेव्हा कॅलेंडर बघूनच तिकीट काढा.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. शेंगेन, म्हणजे स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो, पण पंधरा दिवसांवर विसंबू नका, उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाहीत. इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा हवा, पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालायला हवा आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. विमान पॅरिस किंवा फ्रँकफर्टवरून असलं तरी जास्त रात्री स्पेनमध्ये असतील तर अर्ज स्पेनकडेच.

आता खरं काम, वाइनरी. तिकडे त्यांना बोदेगा म्हणतात. नाशिकला आपण रविवारी गाडी काढून टेस्टिंग रूममध्ये जाऊन बसतो तसं इथे बहुतेक ठिकाणी चालत नाही, कारण बरेचसे बोदेगा घरचे आहेत, फोन उचलणारा, ट्रॅक्टर चालवणारा आणि तुम्हाला वाइन ओतून देणारा एकच माणूस असू शकतो. महिनाभर आधी ईमेल टाका, स्पॅनिशमध्ये, भाषांतराचं अॅप वापरलं तरी चालेल, चार ओळी पुरे: किती जण, कुठली तारीख, सकाळी की संध्याकाळी, इंग्रजी बोलणारं कुणी आहे का. उत्तर नाही आलं तर व्हॉट्सअॅप करा, तिथे लवकर उत्तर येतं. आणि दिवसाला दोनच ठेवा हो, एक सकाळी अकराला आणि एक संध्याकाळी पाचला, मध्ये जेवण आणि झोप. तीन-चार कोंबले की तिसऱ्या ग्लासानंतर सगळ्या मेन्थिया सारख्याच लागतात.

रिबेरा साक्रात सिल आणि मिन्यो या नद्यांनी खोल दऱ्या कापल्यात आणि त्यांच्या कड्यांवर दगडी बांधांच्या पायऱ्या करून वेली लावल्यात, काही पायऱ्यांवर एकच ओळ मावते. ट्रॅक्टर तिथे जाऊच शकत नाही, माणसं क्रेट खांद्यावरून नेतात नाहीतर उतारावर एका रुळावरून चालणारी छोटी गाडी असते तिच्यावर चढवतात. मळ्यातून चालायचा टूर मिळाला तर नक्की घ्या पण गुडघे दुखणाऱ्यांनी आधी विचारा किती उतरायचंय, कारण जेवढं उतरलात तेवढं चढायचंच आहे. नदीतल्या बोटीही आहेत, सांतो एस्तेवोच्या धक्क्यावरून आणि दोआदेहून, वीकेंडचं बुकिंग आधीच करून टाका.

गाडीशिवाय हे सगळं जमत नाही. माद्रिदहून रिबेरा साक्राजवळच्या ओउरेन्से शहरापर्यंत 2021 पासून हायस्पीड ट्रेन आहे, अडीच तासांच्या आत पोचते, तिथून गाडी भाड्याने घेतली तर माद्रिदचं ट्रॅफिक वाचतं. आरटीओकडून आयडीपी, म्हणजे आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट, काढा, ते वर्षभर चालतं, आणि मूळ लायसन्ससुद्धा बरोबर ठेवा. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंग करतानाच तसं निवडा, नाहीतर मॅन्युअल हातात येईल आणि उजव्या बाजूने चालवताना उजव्या हाताने गिअर टाकायचे म्हणजे पहिले दोन तास नुसता गोंधळ. छोटीच गाडी घ्या, दरीतले रस्ते अरुंद आहेत. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं, नवऱ्याचं कार्ड आणि बायको ड्रायव्हर असं चालत नाही.

आणि चालवणार कोण ते भारतातूनच ठरवून निघा. सगळे म्हणतात तिकडे गेल्यावर बघू, मग बोदेगाच्या अंगणात वाद. ज्याची पाळी असेल त्याने त्या दिवशी पिऊ नये, फक्त चव घेऊन थुंकायचं, त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं, मागायला लाजू नका. दोन दिवस तरी स्थानिक टॅक्सी किंवा चालत जाता येईल असा बोदेगा ठेवा म्हणजे पाळीवाल्यालाही न्याय.

राहायला दोनच मुक्काम करा, एक बिएर्थोत पोनफेर्रादा किंवा काकाबेलोसच्या आसपास, दुसरा रिबेरा साक्रात मोनफोर्ते दे लेमोसला, दोन्हींत गाडीने साधारण दीडेक तास, आणि वाटेत वाल्देओर्रास हा आणखी एक वाइनचा भाग लागतो, तिथला गोदेयो चुकवू नका. खेड्यातलं घर घेतलंत तर मालक पासपोर्टची माहिती मागेल, घाबरू नका, तिथल्या नियमाने त्याला ती पोलिसांकडे नोंदवावी लागते. पोचायची वेळ आधी कळवा, रिसेप्शन वगैरे काही नसतं. दरीत मोबाईलला रेंज जाते, नकाशे आधीच डाउनलोड करून ठेवा. शंभर-दोनशे युरो सुट्टे ठेवा. खेड्यातल्या पंपावर रविवारी माणूस नसतो, आधी कार्ड घालायचं आणि मग पेट्रोल भरायचं, तेव्हा शनिवारीच टाकी भरलेली बरी.

घड्याळ पण बदलावं लागतं. दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊच्या पुढे, मधल्या वेळेत किचन बंद, आणि दुकानंही दुपारी साधारण दोन ते पाच बंद. लहान मुलं किंवा आईबाबा बरोबर असतील तर संध्याकाळच्या सातची सोय तुमची तुम्हीच करायची. दुपारी 'मेनू देल दिया' मागा, ठरलेल्या किमतीत दोन पदार्थ, गोड आणि बऱ्याचदा वाइनसुद्धा. बिएर्थोच्या बारमध्ये ड्रिंकबरोबर काहीतरी खायला फुकट येतं हे अजून टिकून आहे.

शाकाहारी लोकांनी नुसतं व्हेजिटेरियन म्हणून भागत नाही, सॅलडवर टूना येतो, सूपमध्ये डुकराची चरबी असते. 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन' (मांस, मासे, हॅम नको) असं फोनमध्ये लिहून ठेवा आणि दाखवा. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट, सगळीकडे मिळते, पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या, भाजलेल्या बिएर्थोच्या लाल मिरच्या, तेतिया चीज आणि पाव यावर छान निभतं. घरून चिवडा, चकली, मेतकूट, पोहे न्या, पण तूप, पेढे, खव्याचं काही नको, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. आंबेही नकोत, त्यांना वेगळं सर्टिफिकेट लागतं.

कपड्यांत एक रेनकोट, एक स्वेटर आणि चांगली पकड असलेले बूट, बाकी काहीही चालेल. बूट लास मेदुलाससाठी हवेतच, तिथे रोमन लोकांनी डोंगरात बोगदे खणून पाणी सोडून अख्खे कडे पाडले सोन्यासाठी, आणि मागे उरले ते लालभडक सुळके. 1997 पासून ते जागतिक वारसा आहे. वणव्यानंतर कुठल्या वाटा उघड्या आहेत ते निघायच्या आदल्या दिवशी बघा, आणि ओरेयानच्या सज्जावर, म्हणजे जिथून हे सुळके दिसतात त्या उंच जागेवर, संध्याकाळी जा.

शेवटी बाटल्या. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत ड्युटी-फ्री, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या, तिसरीने मर्यादा ओलांडते, हवी असेल तर ड्युटी भरायची तयारी ठेवा. बाटल्यांसाठी फुगवायच्या पिशव्या इथूनच न्या, बोदेगात पुठ्ठ्याचा खोका मिळतो पण तो बॅगेत बसत नाही. सगळ्या चेक-इनमध्येच, आणि पावत्या हँडबॅगेत.