घरच्या सिम्युलेटरसाठी वीजभाराचा अंदाज कसा काढावा

विमान किंवा शर्यतीची गाडी चालवण्याचा सिम्युलेटर घरी मांडायचा असेल, तर हिशेबाची सुरुवात संगणकापासून न करता वितरण पेटीपासून करावी. त्या खोलीचा एमसीबी (भार जास्त झाल्यास वीज आपोआप तोडणारा स्विच) बंद करावा आणि घरातील कोणकोणते प्लग, दिवे व उपकरणे त्यासोबत बंद पडतात, ते फिरून पाहून लिहून ठेवावे. भिंतीपलीकडच्या खोलीतील प्लगही अनेकदा त्याच सर्किटवर असतात, म्हणून ही पायरी टाळू नये.

एमसीबीवरील अँपिअरचा आकडा आणि पुरवठ्याचे व्होल्ट यांचा गुणाकार म्हणजे त्या सर्किटची क्षमता. सलग काही तास चालणारा भार या क्षमतेच्या 80 टक्क्यांच्या आत ठेवावा. 230 व्होल्ट व 16 अँपिअर असल्यास ही मर्यादा सुमारे 2,900 वॅट येते. 120 व्होल्ट व 15 अँपिअरला मात्र ती 1,440 वॅटच राहते.

आता उपकरणांची बेरीज करावी. येथे हमखास होणारी चूक म्हणजे संगणकाच्या पॉवर सप्लायवरील 850 वॅटचा आकडा तसाच धरणे. तो आकडा पॉवर सप्लाय जास्तीत जास्त किती वीज पुरवू शकतो हे सांगतो, प्रत्यक्षात किती खर्च होते हे नव्हे. समजा, प्रोसेसर 150, ग्राफिक्स कार्ड 320 आणि उरलेले भाग 80 असे मिळून 550 वॅट घेतात. पॉवर सप्लायची कार्यक्षमता 88 टक्के असेल, तर भिंतीतून 625 वॅट ओढले जातील. प्रत्येकी 40 वॅटचे तीन मॉनिटर, स्टिअरिंगच्या मोटरचे 180 आणि स्पीकर व इतर किरकोळ वस्तूंचे 60 वॅट धरल्यास एकूण 985 वॅट होतात. प्लगमध्ये लावायचे वॅटमीटर मिळाले, तर सर्वांत जड दृश्य चालू ठेवून प्रत्यक्ष मोजणी करावी. माझ्या मते कोणत्याही कोष्टकापेक्षा ती अधिक भरवशाची.

या विजेची जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीतच राहते, म्हणजे हजार वॅटचा हीटर लावून बसल्यासारखेच. साहजिकच वातानुकूलन यंत्र सुरू होते, आणि खरी अडचण तेथे उभी राहते. तेच सर्किट आणखी 1,500 वॅट ओढू लागले, की एकूण भार 2,485 वॅट, म्हणजे 230 व्होल्टला सुमारे 11 अँपिअर होतो. 120 व्होल्टला तो 20 अँपिअरच्याही पुढे जातो.

हलणारी बैठक असल्यास तिच्या मोटरींचा सरासरी नव्हे, तर कमाल भार धरावा. एका एक्स्टेंशन बोर्डाला दुसरा जोडू नये.

बेरीज मर्यादेबाहेर गेल्यास मोठा एमसीबी बसवण्याचा मार्ग कधीही पत्करू नये, कारण एमसीबी भिंतीतील तारेच्या जाडीनुसार निवडलेला असतो आणि तो मोठा केल्यास तार तापत राहिली तरी वीज तुटत नाही. अशा वेळी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून सिम्युलेटरसाठी स्वतंत्र सर्किट ओढून घ्यावे.