पन्हाळ्यावर पक्षी बघायला जाताना

निम्मी तयारी आदल्या रात्रीचीच. कोल्हापुरातून पन्हाळा वीसेक किलोमीटर, पण घाट अंधारात चढायचा असतो, तेव्हा पेट्रोल आणि हेडलाइट संध्याकाळीच बघून ठेवा. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मे महिन्यात सहाला. उजाडल्यापासूनचे दोन-अडीच तास खरे मोलाचे. गडावरच्या तबक उद्यानात किती वाजता सोडतात तेही आधी विचारून घ्या.

दुर्बीण ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटरच्या पुढच्या भिंगाची, चांगली. दहापटीच्या दुर्बिणीत हाताचा कंप जास्त जाणवतो आणि दृश्य सहसा अरुंद होतं, त्यामुळे दाट झाडीत पक्षी सापडेपर्यंत उडून जातो. दुर्बीण दोन्ही डोळ्यांना घरीच जुळवा. उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने लांबची पाटी डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावं झाकून, चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याजवळचं कडं फिरवा. हे राहिलं की तासाभरात डोकं दुखतं आणि दोष दुर्बिणीला जातो. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप खाली करा. पट्टा छातीइतकाच ठेवा, नाहीतर वाकलं की दुर्बीण दगडावर आपटते. पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणायची. हा सराव गच्चीवर कावळ्यांवर करता येतो.

कपडे मातकट, पूर्ण बाह्यांचे. गोचिडांसाठी पँट मोज्यात खोचा. सळसळणारं जर्किन नको. पाणी एक लिटर, भाकरी-चटणी डब्यात. प्लास्टिकची पिशवी दिसली की माकडं झडप घालतात. वहीसोबत पेन्सिल घ्या, धुक्याने ओलसर झालेल्या कागदावर शाई पसरते. आधी आकार, चोच, शेपटी, आवाज टिपा, नाव नंतर. पक्षी ओळखून देणाऱ्या मर्लिन ॲपचा पक्षीसंच घरीच मोबाइलवर उतरवून ठेवा. त्याने आवाजावरून सांगितलेलं नाव पक्षी दिसल्याशिवाय पक्कं धरू नका. भृंगराज हा पक्षी इतर कितीतरी पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो.

आत गेल्यावर फार चालू नका. फळलेला उंबर किंवा वड शोधा आणि सूर्य पाठीशी घेऊन अर्धा तास उभे राहा. हरियल, म्हणजे हिरवं कबूतर, पानांत इतका मिसळतो की आधी खाली पडणारी फळंच कळतात. टप टप होईल त्या फांदीवर पिवळे पाय शोधा. जानेवारी ते मार्च फुललेली काटेसावर आणि पांगाराही चुकवू नका.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका, विशेषतः विणीच्या दिवसांत: नर हद्द राखायला धावतो, पिलांना चारा द्यायचा राहतो. घरट्याजवळ थांबलात तर कावळ्यालाही त्याचा पत्ता लागतो.

आसपासच्या रानात गवे असतात. एकटा नर सर्वांत बेभरवशाचा. मान उचलून त्याने फुसकारा टाकला तर फोटो सोडा आणि त्याची वाट मोकळी ठेवून सावकाश मागे सरका.